बिनरेडिओचं गाव

एम.ए.च्या पहिल्या वर्षी मी सरांपुढे प्रबंधिकेचा विषय ठेवला तो असा: ‘खान्देशातील शेती व शेतकऱ्यांचे जीवन’. जाड कागदावर, वळणदार अक्षरात, खाली दोन रेघा मारून. सरांनी तो वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, “किती जन्म घेणार आहेस?”

मी म्हटलं, “सर, दोन वर्षांत करतो.”

ते इतके हसले की शेजारच्या खोलीतले इंग्रजीचे प्राध्यापक डोकावून गेले.

खोटं कशाला सांगू, मला राग आला. आमच्या गावात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. बी.ए. झालो तेव्हा गावाने मला गाडीतून मिरवलं होतं, आणि माझ्या गळ्यातल्या हारापेक्षा बैलांच्या शिंगांना जास्त बेगड लावली होती. अशा माणसाला धुळ्याच्या कॉलेजात येऊन कोणी हसावं? पण प्रबंधिका लिहायची तर सरांची सही हवी, आणि सहीची अट त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकली होती. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीआधी काम त्यांच्या पसंतीला उतरलं तर सही. नाही उतरलं तर प्रबंधिका विसरायची आणि तिच्या जागी दोन जादा पेपर द्यायचे.

बाकीच्या पोरांना त्यात काही वाटलं नसतं. माझी गोष्ट वेगळी होती. माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, मारुतीच्या पारावर आधीच जाहीर करून टाकलं होतं की आपलं पोरगं पुस्तक लिहितंय. आता पुस्तक नाही, पेपर, असं सांगायला गावात कुठल्या तोंडाने जाणार? त्यापेक्षा मी दोंडाईच्याला सुरतेची गाडी पकडली असती आणि परत फिरलो नसतो.

तर विषय. मी ‘खान्देश’ खोडून ‘धुळे जिल्हा’ केलं. सर म्हणाले, हं. मी ‘जिल्हा’ खोडून ‘तालुका’ केलं. सर म्हणाले, “तू नकाशा आखूड करतोयस. प्रश्न कुठाय?”

“सर, शेती हा प्रश्नच नाही का?”

“तो सरकारचा. तुझा कुठला? मला असं एक वाक्य आणून दे, जे खोटं निघू शकेल.”

हे काही मला पचेना. पहिलीपासून आजवर मास्तरांनी मला फक्त खरी वाक्यं लिहायला शिकवलं होतं, आणि मी ती इतकी खरी लिहिली की वर्गात पहिला आलो. आता हा गृहस्थ म्हणतो, खोटं निघू शकेल असं काही लिही. मी वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन वाक्यं तयार करायला लागलो. ‘शेतकरी कष्ट करतात.’ हे खोटं निघणार नाही. ‘पाण्याशिवाय पीक येत नाही.’ हे तर बैलालासुद्धा माहीत.

वाक्य सापडलं ते माझ्या थोरल्या बहिणीच्या सासरी. अक्काचं सासर आमच्या गावाहून चालत जाण्याच्या अंतरावर, नाल्याच्या पलीकडे. तिथल्या चावडीत सरकारने ग्रामपंचायतीला दिलेला रेडिओ होता. लाकडी पेटी, तिला दार, दाराला कुलूप, आणि कुलपाची किल्ली अक्काच्या सासऱ्यांच्या करगोट्याला. तिच्या सासऱ्यांना सगळे तात्या म्हणायचे. दिवेलागणीला शेतीचा कार्यक्रम लागतो आणि गाव जमून तो ऐकतं, असं तात्या मोठ्या तोऱ्यात सांगायचे. आमच्या गावात रेडिओच नव्हता. शाळेच्या मास्तरांकडे होता, तो त्यांनी बदली झाली तेव्हा नेला.

मी धुळ्याला येऊन सरांपुढे वाक्य ठेवलं: “ज्या गावात रेडिओवरचा शेतीचा कार्यक्रम ऐकतात, तिथले शेतकरी हायब्रीड बाजरी जास्त पेरतात.”

सरांनी हसण्याआधी फक्त एक शब्द विचारला. “कशापेक्षा?”

काय सांगू तुम्हाला! तो एक शब्द माझ्या डोक्यात असा घुसला की मी कॉलेजातून बाहेर पडलो तो वेगळाच माणूस होऊन. कशापेक्षा! जगात जेवढी माणसं काही म्हणत होती, त्या सगळ्यांना मला थांबवून विचारावंसं वाटायला लागलं. एस.टी. स्टँडसमोर भजीवाला ओरडत होता, “गरमागरम, एक नंबर!” मी विचारलं, “कशापेक्षा?” तो म्हणाला, “तुझ्या थोबाडापेक्षा.” मी रागावलो नाही. मी शेजारच्या गाडीवरून तेवढीच भजी घेतली, त्याच चटणीबरोबर खाल्ली, आणि मग सांगितलं की दोन्ही सारखीच तेलकट आहेत. त्याने झारा उगारला. मी हसत हसत पळालो.

घरी गेलो तेव्हा आईला म्हटलं, एक भाकरी मिठाची कर आणि एक बिनमिठाची, बाकी सगळं सारखं ठेव. पीठ तेच, तवा तोच, जाळ तोच. आई म्हणाली, “आनी हात?”

“हातही तोच.”

“मंग खाईसन गपचूप उठ,” आई म्हणाली, “नही ते तो हात तुन्हा गालवर येई.”

मला मात्र प्रत्येक गोष्टीत दोन भाकरी दिसायला लागल्या होत्या. एकच फरक ठेवायचा, बाकी सगळं सारखं, आणि मग पाहायचं. इतकी साधी युक्ती आणि ती मला आजवर कोणी सांगितली नव्हती! मी धुळ्याच्या आग्रा रोडने चालताना एकटाच हसत असे. लोकांना वाटलं असेल, पोरगं प्रेमात पडलंय. तसंच होतं ते.

गावं मी ताबडतोब निवडली. आमचं आणि अक्काचं. दोन्ही साधारण सारख्या घरांची, बाजरी-कापूस-भुईमूग दोन्हीकडे, एस.टी. दोघांनाही एकाच फाट्यावर सोडणार. फरक एकच, रेडिओ. सरांनी विचारलं, “हीच दोन का?”

“सर, एकीकडे आईच्या हातचं जेवण, एकीकडे बहिणीच्या.”

सर म्हणाले, “निवडीचं इतकं सरळ कारण मला अजून कोणी दिलेलं नाही. जा. पण एक ध्यानात ठेव. कशाशी कशाची तुलना करतोयस ते गावात बोलू नकोस. आपल्याला कोणी मोजतंय हे कळलं की माणूस पोट आत घेतो.”

मी बोललो नाही. शपथेवर सांगतो, घरी नानांना सोडून मी कोणापुढे एका शब्दानं बोललो नाही. हिवाळ्यात मी दोन्ही गावांतल्या घरोघर जाऊन आलो. वावर किती, गेल्या हंगामात काय पेरलं, बियाणं कुठून आणलं, रेडिओ ऐकता का. अक्काच्या गावात तात्या स्वतः माझ्याबरोबर घरोघर आले. सोयऱ्याचा पोरगा एकटा हिंडला तर गावाची काय शोभा राहणार? तिथे प्रत्येक घरी चहा आणि प्रत्येक घरी एकच उत्तर: “ऐकतो की! रोज ऐकतो.” एकाने तर काल खताबद्दल काय सांगितलं तेही म्हणून दाखवलं. मी खुशीत होतो. संध्याकाळची शेवटची एस.टी. पकडून मी धुळ्याला परत यायचो, त्यामुळे तो कार्यक्रम स्वतः ऐकायचा योग काही आला नाही.

बोलले ते नाना. नानांना आपल्या पोराचं कौतुक पोटात ठेवता येत नसे. पारावर आबा बसलेले असायचे. आबा म्हणजे गावातलं सगळ्यात वडीलधारं माणूस, सगळ्यांशी काही ना काही नातं असलेलं आणि सगळ्यांना दरडावणारं. त्यांनी नानांना विचारलं, “तुन्हा पोऱ्या काय इचारी ऱ्हायना घरोघर?”

नाना म्हणाले, “पुस्तकात आपलं गाव येणार आहे.”

“कसं येणार आहे?”

“एका बाजूला अक्काचं गाव. रेडिओ असलेलं. आणि दुसऱ्या बाजूला आपलं.”

“आपलं कसलं?”

“बिनरेडिओचं,” नाना म्हणाले, आणि मगच त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो.

ज्यांनी खान्देशात मुलगी दिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. मुलीकडच्यांनी वाकून राहायचं, मान द्यायचा, मानपानाला कमी पडू द्यायचं नाही. हे सगळं आमच्या लोकांनी अक्काच्या लग्नात आणि नंतर गोड मानून केलं होतं. पण वाकणं वेगळं आणि छापून येणं वेगळं! अख्ख्या धुळ्याने पुस्तक उघडून वाचायचं की त्यांच्याकडे आहे आणि आमच्याकडे नाही? आबांनी पारावर हात आपटला. “आमनं गाव बिनरेडिओनं? आम्ही काय कमी शेतस?”

मी तेव्हा धुळ्यात परीक्षेचा अभ्यास करत होतो. मला यातलं काही माहीत नव्हतं.

वर्गणी निघाली, बठ्ठ्या म्हणजे अख्ख्या गावाने दिली. ज्यांचं आपसात बोलणं नव्हतं त्यांनीही दिली. दोंडाईच्याच्या शेठजीकडे रेडिओ मिळत होता, पण आबा म्हणाले, तिथे घेतला तर तात्यांना संध्याकाळच्या आत कळेल की आपण आत्ता घेतला. म्हणून नानांना आणि आणखी दोघांना घेऊन ते रेल्वेने जळगावला गेले. जळगावच्या दुकानात त्यांनी रेडिओ कसा निवडला ते नानांनी मला नंतर करून दाखवलं. आबा रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जाऊन उभे राहिले, कानाला हात लावला आणि ओरडले, “लाव!” दुकानदार एकेक रेडिओ लावायचा आणि आबा पलीकडून मान हलवायचे, नाही. टांगे मध्ये यायचे, सायकलवाले शिव्या द्यायचे, आबा हलत नव्हते. शेवटी एका रेडिओला दुकानदाराने बाहेरचा कर्णा जोडला तेव्हा रस्त्यावरचा एक घोडा उधळला. आबा पलीकडून ओरडले, “हाई! हाईच दे!”

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी आलो. फाट्यावर उतरलो, वहाणा हातात घेऊन पायवाटेला लागलो. दिवस मावळत होता. आणि वाऱ्यावर एका परक्या, स्वच्छ, शहरी बाईचा आवाज आला: “...पेरणीपूर्वी बियाण्यास औषध चोळावे...”

मी थांबलो. आजूबाजूला वावरं, बांधावर एक म्हैस. मला वाटलं ऊन लागलं. चार पावलं पुढे गेलो तर बाई आणखी मोठ्याने म्हणाली, “शेतकरी बंधूंनो!” मारुतीच्या देवळाच्या कळसाला कर्णा बांधला होता आणि त्याचं तोंड नाल्याकडे, बरोबर अक्काच्या सासरच्या दिशेने होतं.

मी पळत पारावर गेलो. अख्खं गाव बसलेलं. आबांनी मला पाहिलं आणि हात पसरले. “ये! आते लिख. रेडिओ शे!”

मी म्हटलं, आबा, तुम्ही माझा सत्यानाश केला. दोन गावांत एकच फरक होता, तोच तुम्ही संपवला. आता मी कशाची तुलना करू?

“कर ना कशानीबी,” आबा म्हणाले. “मोठा आवाज कोना शे ते कर.”

“आबा, पाया पडतो. पेरण्या होईपर्यंत बंद ठेवा.”

पारावर कर्ण्यातली बाईच एकटी बोलत राहिली. मग मागून कोणीतरी म्हणालं, “बंद ठेवायचाच तर त्यांचा ठेवा. आमचा नवा आहे.” आणि सगळे हसले, आणि नानाही हसले, आणि खरं सांगायचं तर माझ्याही पोटात कुठेतरी गुदगुल्या होत होत्या. माझ्या एका न लिहिलेल्या पुस्तकासाठी माणसं जळगावला जाऊन आली होती!

पण रात्रभर डोळ्यांपुढे ते दोन पेपर नाचत राहिले. सकाळी उठून मी अक्काकडे गेलो. म्हटलं, निदान त्यांचा रेडिओ तरी कोण कोण ऐकतं ते नीट पाहू. कमी ऐकणारे आणि जास्त ऐकणारे असं काही करता येईल. अक्का ओसरीत भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. तिला म्हटलं, संध्याकाळी थांबतो, कार्यक्रम ऐकून जातो.

अक्काने शेंग हातातच धरली. “कोनता कार्यक्रम?”

“चावडीतला. शेतीचा.”

अक्का आधी माझ्याकडे पाहत राहिली, मग पदर तोंडात कोंबला, मग भिंतीला टेकली, आणि मग इतकी हसली की तिच्या मांडीवरच्या शेंगा अंगणभर झाल्या. रेडिओची बॅटरी भरून आणायला म्हणून गेल्याच्या आदल्या वर्षीच्या पोळ्याला तालुक्याच्या कचेरीत गेली होती, ती अजून तिकडेच होती. तात्या रोज दिवेलागणीला चावडीत जात, कुलूप काढत, पेटीचं दार उघडून आतली धूळ पुसत, दार लावत आणि घरी येत.

“पण सगळ्यांनी मला सांगितलं, रोज ऐकतो म्हणून!”

“तात्या संगे व्हतात ना तुन्हा. आनी तू सोयरा. सोयरासमोर कोन सांगी, आमना रेडिओ मुका शे?”

“आणि तू का नाही सांगितलंस?”

“माले कोठे इचारं तू?” अक्का म्हणाली. “तू घरना कर्ता मानूसले इचारी ऱ्हायंता. मी म्हनं, भाऊ आते मोठा व्हयना, त्याले माहीत व्हई.”

म्हणजे रेडिओ असलेल्या गावात आवाज नव्हता आणि बिनरेडिओच्या गावात घोडे उधळतील इतका होता. मी अंगणातल्या शेंगा गोळा करायला वाकलो आणि तिथेच बसून हसायला लागलो. अक्काही परत सुरू झाली. आतून तिची सासू विचारत होती, काय झालं, काय झालं, आणि आम्हाला दोघांनाही सांगता येत नव्हतं.

हसून झालं की भीती उरली. धुळ्याला जाऊन मी सरांना सगळं सांगितलं, जळगावच्या घोड्यासकट. सर हसले नाहीत. मी मनात म्हटलं, संपलं, आता दोन पेपर. मग त्यांनी सावकाश विचारलं, “तू हिवाळ्यात घरोघर गेलास तेव्हा तुझ्या गावात रेडिओ नव्हता, हे नक्की?”

“नक्की.”

“आणि बहिणीच्या गावात बॅटरी नव्हती.”

“नव्हती.”

“म्हणजे तेव्हा दोन्ही गावं मुकी.”

“हो, सर.”

“आणि आता?”

“आता आमचं बोलतं झालं.” मी हे म्हटलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. मी खुर्चीतून उठलो. “सर! पाट्या बदलायच्या! आधी दोन्ही सारखी होती आणि आता एकातच रेडिओ आलाय! आमचं गाव असलेलं आणि अक्काचं नसलेलं! पेरणीच्या आधीचं माझ्याकडे आहेच, पेरणीनंतर परत विचारतो!”

“हळू,” सर म्हणाले, “खिडकी उघडी आहे.” पण आता तेही हसत होते. “मी असं काही आखून दिलं असतं तर एकाही गावाने ऐकलं नसतं. मात्र तुझ्या तात्यांनी पेरणीआधी बॅटरी आणली तर पुन्हा सगळं पाण्यात.”

हे मात्र खरं होतं. आमच्या कर्ण्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते मी आधी सांगितलंच. व्याह्यांचा आवाज रोज संध्याकाळी नाला ओलांडून येत असताना तात्या गप्प कसे बसतील? मी तडक अक्काकडे गेलो. तिला माझी काळजीच कळेना.

“नही लयावनार तात्या बॅटरी,” ती म्हणाली.

“का?”

“अरे, कचेरीत बॅटरी मागायला गेले तर सगळ्यांना कळेल ना, इतके दिवस बंद होता. तात्या मरतील पण मागायला जाणार नाहीत. वर तूच त्यांना विचारून गेलास आणि त्यांनी तुला रोज ऐकतो म्हणून सांगून टाकलं. आता कुठून आणतील?”

आणि खरंच आणली नाही. ज्या ताठ्याने आमच्या गावात रेडिओ लागला, त्याच ताठ्याने तिकडचा बंद राहिला. हे लक्षात आलं तेव्हा मी नाल्यात उभा राहून टाळी वाजवली. एकट्याने.

पेरण्या झाल्या. मी पुन्हा घरोघर गेलो. अक्काच्या गावात यावेळी मुक्काम केला आणि दिवेलागणीला रोज चावडीबाहेर बसून स्वतःच्या कानाने ऐकलं. काही नव्हतं, नाल्यापलीकडून येणाऱ्या आमच्या आवाजाशिवाय. आणि तोही चावडीपर्यंत पोचेतो शब्द विरून नुसती गुणगुण उरलेली असायची. आमच्या गावात लोक खरोखर जमत होते, ऐकत होते. मी आशेने सगळ्यांचे आकडे मांडले, पुन्हा मांडले. हायब्रीड बाजरी दोन्हीकडे सारखीच पेरलेली. फरक नाही. माझं वाक्य सपशेल खोटं.

मी आबांना विचारलं, रोज ऐकता, मग पेरलं का नाही जास्त?

आबा म्हणाले, “रेडिओ सांगस बरोबर. पन रेडिओले वावर शे का?”

ज्यांनी पेरली होती त्यांनी आपल्या सोयऱ्याच्या वावरात उभं पीक पाहून पेरली होती. बियाणंही तिकडूनच, पिशवीतून, पाहुणचाराबरोबर आलेलं. नानांची हायब्रीड बाजरी तर तात्यांनीच पाठवलेली निघाली.

दिवाळी जवळ आली होती. खोटं निघालेलं वाक्य घेऊन मी सरांपुढे बसलो. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, “खोटं निघालं ते नीट निघालं. सोयरिकीचं लिहिलंयस ते तर फारच छान. सही करतो. पण बहिणीच्या गावचा रेडिओ बंद होता आणि लोक ऐकतो म्हणाले, हे तू झाकून लिहिलंयस. ते उघड लिहावं लागेल. नाहीतर सगळं पोकळ.”

मी लिहिणार कसा? प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात राहणार. तात्यांचा पुतण्या त्याच कॉलेजात शिकत होता. गावाचं नाव, रेडिओ मुका, गाव खोटं बोललं. अक्काला त्या घरात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मी सरांना तसं सरळ सांगितलं. म्हटलं, मग दोन पेपर देतो सर, पण हे लिहीत नाही.

“अरे, नाव कशाला हवंय?” सर म्हणाले. “माणसाने सांगितलं ते आपण लिहायचं. कोणी सांगितलं ते आपल्यापाशी ठेवायचं. एकाला म्हण गाव अ, दुसऱ्याला म्हण गाव ब. तालुकाही लिहू नकोस.”

मी त्यांच्या टेबलाशी बसूनच सगळी नावं खोडली. सरांनी सही केली. मी बाहेर पडलो आणि कॉलेजच्या पायऱ्या उतरलो नाही, उडी मारली. एका चपलेचा अंगठा तुटला. ती हातात घेऊन मी अनवाणी एस.टी. स्टँडपर्यंत गेलो आणि भेटेल त्याला सांगत सुटलो की माझं म्हणणं खोटं निघालं. लोक बाजूला होत होते.

टंकलिखित, बांधलेली प्रत घेऊन मी गावी गेलो तेव्हा पारावर जागा नव्हती. नानांनी ती दोन्ही हातांनी सगळ्यांना दाखवली. आबा म्हणाले, “आमनं गाव कोठे शे ते वाच.”

मी पान उघडलं आणि वाचलं. “गाव अ.”

“नाव वाच.”

“हेच नाव आहे, आबा. अ.”

गलका उडाला. एवढी वर्गणी, एवढा जळगावचा प्रवास, आणि पुस्तकात नुसतं अ? कोणी म्हणालं, धुळ्यावाल्यांनी खाल्लं. कोणी म्हणालं, पोराला लिहिता येत नसेल. नाना खाली मान घालून बसले. मी समजावत होतो की नियमच तसा आहे, सर्वांनाच तसं करावं लागतं, पण कोण ऐकतंय! तेवढ्यात आबांनी हात वर केला.

“थांबा रे. आनी त्यास्नं? अक्काना गावनं काय लिखं शे?”

“ब,” मी म्हणालो.

आबांनी मनातल्या मनात काहीतरी म्हणून पाहिलं. ओठ हलले. मग त्यांनी पाराभोवती बसलेल्या सगळ्यांवरून सावकाश नजर फिरवली.

“अ पहिले येस ना?”

“हो, आबा.”

“मंग जोरमां वाच,” ते म्हणाले.